सोनटक्के सरांचं नाक

सोनटक्के सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मळीच्या टँकरवर चढून, झाकणात डोकं घालून बसले होते. मी बीडच्या कॉलेजातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत रुजू व्हायला आले होते, हातात नेमणुकीचा कागद होता, आणि माझे साहेब मला अर्धेच दिसत होते. थोड्या वेळानं डोकं बाहेर आलं. विरळ केस, जाड चष्मा, नाकाच्या शेंड्यावर मळीचा काळा ठिपका. वरूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नवीन बाई तुम्हीच का?"

"हो सर."

"सर्दी न्हाई ना होत सारखी?"

एवढीच माझी मुलाखत. सर्दी होत नाही म्हटल्यावर ते खाली उतरले, हात धुतले आणि मला लॅबमध्ये घेऊन गेले.

आमचा कारखाना सहकारी, बीडपासून तासाभराच्या अंतरावर. साखर काढून झाल्यावर जो काळा चिकट पाक उरतो ती मळी. ती आंबवायची, उंच कॉलममधून वाफेनं वर चढवायची आणि स्पिरिट काढायचं, हे डिस्टिलरीचं काम. त्यातलं थोडं औषधाला, रंगाला जायचं. बरंचसं देशी दारूच्या बाटल्या भरणारे टँकर लावून घेऊन जायचे. सर या सगळ्याचे मॅनेजर. मूळचे लिंबागणेशचे, औरंगाबादला शिकलेले. चेअरमनसमोर शुद्ध बोलायचे, रागावले किंवा खुशीत आले की गावाकडचं बोलायचे.

लॅबमध्ये यंत्रं होती, पण सर आधी वास घ्यायचे आणि मग यंत्राला विचारायचे. मलाही त्यांनी तसंच शिकवलं. "एकदम नाक घालायचं न्हाई," ते म्हणायचे. "पाहुण्याच्या घरी गेल्यावर कसं दारात जरा थांबतो, तसं थांबायचं. आतून कुणी तरी बाहेर येतंच." मी काचेच्या भांड्यावर हात फिरवून वास नाकाकडे घ्यायला शिकले. कच्च्या स्पिरिटचा नखपॉलिशसारखा वास, बिघडलेल्या मळीचा शिळ्या ताकासारखा वास, यांची ओळख झाली. मी आजवर दारूचा एक थेंब घेतलेला नाही, पण दारूच्या वासाबद्दल मला जे कळतं ते आमच्या घरातल्या पिणाऱ्या पुरुषांपैकी एकालाही कळत नाही. घरी हे कधी बोलून दाखवलं नाही.

सरांना वास घेण्याचं वेडच होतं. पेपर आला की आधी वास, मग बातम्या. काडेपेटीची काडी विझली की तिचा वास. कँटीनच्या चहाचा कप नाकाखाली इतका वेळ धरायचे की चहा गार व्हायचा. लॅबमध्ये अत्तर, पावडर, गजरा चालायचा नाही. एकदा चैत्रात सकाळच्या हळदीकुंकवाहून मी तशीच मोगऱ्याचा गजरा माळून आले. सरांनी काचेचं एक भांडं पाण्यानं भरून आणलं, माझ्यासमोर ठेवलं आणि खिडकीबाहेरच्या कट्ट्याकडे बोट दाखवलं. संध्याकाळी घरी निघताना गजरा तिथंच होता, ताजा. दुपारी उन्हात त्यावर सरांनी ओला रुमाल टाकून ठेवला होता.

ते प्यायचे, आणि लपवायचे नाहीत. शनिवारी संध्याकाळी, घरी, एक लहान पेला. पण कारखान्यातलं थेंबभरही कधी कुणाला दिलं नाही. एका निवडणुकीच्या वेळी एका संचालकाचा पुतण्या प्लास्टिकचा कॅन घेऊन आला. सर म्हणाले, "हे माणसाला प्यायचं न्हाई." तो पोरगा हसला. म्हणाला, "मग साहेब, ते टँकर भरून नेतात ते काय म्हशीला पाजतात का?" सरांनी कॅन त्याच्या हातात परत दिला आणि गेटपर्यंत सोडून आले. पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "पोरगं चुकीचं बोललं न्हाई, बाई."

त्यांचा एक मित्र होता, हबीब. बीडच्या जुन्या मोहल्ल्यातला. औरंगाबादच्या होस्टेलात दोघं एका खोलीत राहिलेले. हबीबभाई पुढे स्कॉटलंडला गेले, तिथल्या एका ग्रेन व्हिस्कीच्या कारखान्यात इंजिनिअर झाले, तिथंच राहिले. सगळं आयुष्य दारूच्या कारखान्यात काढून हा माणूस एक घोट प्यायला नाही. पाच वेळा नमाज पढायचे आणि नाकानं काम करायचे. आई आजारी होती म्हणून एकदा आले, तेव्हा त्यांनी सरांना एक बाटली आणून दिली.

त्या बाटलीनं सर लहान मुलासारखे खूश झाले होते. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मला उभं करून अर्धा तास समजावलं. स्कॉच म्हणजे लोकांना माल्ट माहीत असते, मोड आणलेल्या सातूची, तांब्याच्या घागरीसारख्या भट्टीतून काढलेली. ही तशी नव्हे. ही गव्हाची, आणि काढलेली आपल्यासारख्याच उंच कॉलममधून. "आपल्या कॉलमची तिकडची बहीण म्हणा." हलकी, साधी म्हणून ती बहुतेक सगळी दुसऱ्या व्हिस्कीत मिसळायला जाते, तिचं नावही कुणाला कळत नाही. क्वचित एखादं पीप न मिसळता तसंच ठेवतात. ओकच्या लाकडात वर्षानुवर्षं पडून राहते, निम्मी तर हवेत उडून जाते, आणि उरते ती अशी होते की ओळखू येत नाही. हे पीप हबीबभाई नि सर कॉलेजातून बाहेर पडले त्या साली भरलेलं होतं.

"मग उघडणार कधी सर?"

"रिटायर झाल्यावर. घाई केलेली तिला आवडायची न्हाई."

बाटली त्यांच्या क्वार्टरमध्ये, पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, त्यांच्या पत्नीच्या पितळी समयांशेजारी उभी राहिली. शकुंतलाकाकू तिच्यावरची धूळ समयांबरोबरच पुसायच्या.

सरांना एकच मुलगा, अविनाश. मी रुजू झाले तेव्हा तो शाळेत होता. गोरा, लाजाळू, डबा द्यायला यायचा तेव्हा लॅबच्या दारातच थांबायचा. कॉलेज अर्ध्यावर सुटलं. मग कारखान्याच्या वजनकाट्यावर चिकटला. पुढं काय झालं ते आमच्या कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सकाळी कामावर येताना तो प्यालेला असायचा. काट्यावरून काढलं, मग ट्रॅक्टरवर गेला, तिथूनही सुटला. काकू त्याला घेऊन नारायणगडाला गेल्या, शपथ घालून आणली. आठवडाभर टिकली. सर त्या काळात लॅबमध्ये जास्त वेळ बसायला लागले. मुलाबद्दल ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

मग ती दोन वर्षं आली, एकामागोमाग एक, पाऊस न पडलेली. पहिल्या वर्षी ऊस कमी आला. दुसऱ्या वर्षी जो काही उभा होता तो चारा छावण्यांना गेला, जनावरांना. कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. गळीत हंगामाची पूजा झाली नाही अशी ती पहिलीच वेळ. कारखान्याच्या तळ्यात थोडं पाणी होतं आणि टाक्यांत मागची मळी होती, म्हणून डिस्टिलरी तेवढी तिच्या लहान बॉयलरमध्ये लाकडं जाळून चालू होती. गेटबाहेर शेजारच्या गावांतल्या बाया घागरींच्या रांगा लावून टँकरची वाट बघायच्या आणि आत आमच्या कॉलमला गार करायला पाणी फिरायचं.

त्या उन्हाळ्यात अवि गेला. कावीळ झाली, पोट फुगलं, बीडला नेलं, तिथून औरंगाबादला. परत आणला तो गाडीत आडवा. तिशीही पुरी झाली नव्हती.

सर तेराव्यानंतर कामावर आले. मी नमुन्याची काच त्यांच्यापुढं केली. त्यांनी नाकाखाली धरली, बराच वेळ धरली, आणि मला परत दिली.

"तुम्हीच बघा बाई. मला काही येत न्हाई."

"काय येत नाही सर?"

"वास. पोरगं गेल्यापासून कशाचाच येत न्हाई. भाताचा न्हाई, उदबत्तीचा न्हाई. काल गोठ्यात जाऊन उभा राहिलो, तिथंबी न्हाई."

ते तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते. लाइट गेली असं सांगावं तसं सांगत होते. महिनाभर असंच चाललं. ते टेबलाशी बसून राहायचे, वास मी घ्यायचे, सही ते करायचे.

हबीबभाईंना बातमी उशिरा कळली. कळल्यावर ते सगळं सोडून आले. एका रविवारी सकाळी सरांच्या क्वार्टरवरून मला निरोप आला: लॅबमधलं डिस्टिल्ड पाणी घेऊन या. आमच्याकडं त्या दिवसांत टँकरचं पाणी, खारट आणि क्लोरिनचा वास मारणारं. बाटली भरून घेऊन मी गेले.

ओसरीत चटईवर दोघं बसलेले. मधे ती बाटली, आणि हबीबभाईंनी आणलेले दोन पेले, खाली फुगीर आणि वर तोंड आवळलेले. काकू उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या.

"बसा ताई," हबीबभाई म्हणाले. "डॉक्टरकडे जायच्या आधी ही एक तपासणी करू म्हणलं. हिचाही वास आला न्हाई तर मी स्वतः याला घेऊन जातो."

"सकाळी सकाळी?" मी विचारलं.

"नाक सकाळीच जागं असतं ताई. आमच्याकडं हे काम सकाळीच होतं."

सर म्हणाले, "कावून तिचा नाश करायलास बे, हबीब. मला काही येणार न्हाई. चांगली वस्तू हाय."

"वस्तूच हाय ना. उघड."

बूच निघालं. हबीबभाईंनी दोन्ही पेल्यांत थोडी थोडी ओतली. रंग जुन्या मधासारखा. पेला तिरका करून परत सरळ केला की काचेवरून तिचे ओघळ सावकाश, जाडसर उतरायचे. एक पेला सरांना दिला, एक माझ्या हातात. मी काकूंकडं पाहिलं. त्या तांदळातच बघत होत्या.

मी पेल्याच्या दारात जरा थांबले, सरांनी शिकवलं होतं तसं. आधी आला तो तिखट, रंगाच्या डब्यासारखा वास, तो माझ्या ओळखीचा होता. थोडं थांबले. मग किसलेलं सुकं खोबरं आलं. त्याच्यामागून काकवी. आणि मग एकदम सीताफळ, आपल्या बालाघाटाच्या डोंगरातलं, पूर्ण पिकलेलं, हातात घेताच फुटणारं. मी तसं बोलून दाखवलं. हबीबभाईंनी मान डोलावली. "मी तीस वर्षं तिथं सांगतो सीताफळ, सीताफळ. त्यांना माहीत न्हाई ते काय असतं."

सरांनी पेला नाकाखाली धरला होता. डोळे मिटलेले. आम्ही वाट पाहिली.

"न्हाई," ते म्हणाले.

हबीबभाईंनी माझ्याकडून पाण्याची बाटली घेतली, झाकणात थोडं पाणी घेतलं आणि बोटानं सरांच्या पेल्यात थेंब सोडले. एक, मग थांबून आणखी एक. पाणी पडलं की अशी जुनी व्हिस्की उमलते, आत दबलेलं वर येतं. पेल्यात तेलकट वेटोळी उठली आणि विरली.

"आता तोंडात घे. गिळू नको लगेच."

सरांनी लहानसा घोट घेतला. गालात फिरवला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग त्यांनी गिळला, पेला परत नाकाशी नेला, आणि त्यांच्या भुवया हलल्या.

"लाकूड," ते म्हणाले. "सुताराकडचं. ताजं रंधा मारलेलं."

"बराबर."

"खोबरं हाय. बाई म्हणाल्या ते हाय." आवाज जरा वर आला होता. "भाजलेला गहू. लोणी कढवताना शेवटी येतो तसा काहीतरी. लई गोड न्हाई, पण... हबीब, लई मऊ हाय रे ही."

हबीबभाई हसले. मलाही बरं वाटलं. सरांनी आणखी एकदा लांब श्वास घेतला, आणि तिथं ते थांबले. पेला तसाच नाकाशी, आणि चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी पेला खाली ठेवला.

"काय झालं?"

सर बोलले ते काकूंकडं न बघता.

"अवि अकरावीत होता. संध्याकाळी घरी आला, चप्पल काढायला वाकला माझ्यासमोर. तेव्हा मला पहिल्यांदा वास आला त्याच्या तोंडाचा."

काकूंचा हात तांदळात थांबला.

"बाकीच्यांच्या बापाला उशिरा कळतं. मला पहिल्या दिवशी कळलं. आणि नुसती दारू म्हणून न्हाई कळलं. देशी होती, मसाला घातलेली, पण खाली स्पिरिट आपलं होतं. त्या हंगामात आपल्या कॉलममध्ये एक दोष होता, त्याचा बारीक जळकट वास यायचा. तो मी महिनाभर लॅबमध्ये घेत होतो. तोच माझ्या पोराच्या तोंडाला होता."

हबीबभाई सरांना म्हणाले, "दिगू, राहू दे."

"काय बोलायचं होतं मी त्याला? पिऊ नको म्हणायचं? तो म्हणाला असता, तुमीच करता ना. मी हातपाय धुतले आणि जेवायला बसलो. दुसऱ्या दिवशीबी तेच केलं. या बाईला वास घ्यायला शिकवलं मी, परक्याच्या पोरीला. थांब, घाई करू नको, हे सगळं शिकवलं. त्याला एक शब्द न्हाई."

बाहेर रस्त्यावर टँकर आल्याचा आवाज झाला, घागरींची पळापळ झाली. काकूंनी सूप खाली ठेवलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"मला सांगायचं होतं तुमी."

त्यांनी मांडीवरचे तांदळाचे दाणे झटकले.

"दोन वर्षं मी त्याला पित्त झालंय म्हणून ओवा देत होते. डॉक्टरला विचारत होते, पोरगं जेवत कावून न्हाई. तुमाला माहीत होतं."

"हो."

काकू उठल्या. मला वाटलं आत जातील. त्या चटईवर येऊन बसल्या, सरांचा पेला उचलला आणि वास घेतला. त्यांना जमलं नाही, ठसका लागला. पदरानं तोंड पुसून त्यांनी पुन्हा घेतला, या वेळी जरा लांबून.

"हे येवढं हळू प्यायचं असतंय?" त्यांनी हबीबभाईंना विचारलं.

"हां भाभी."

"माझा पोरगा उभ्यानं प्यायचा. पाणीबी न घालता. जसं काही कुणी हिसकावून घेणार हाय." आणि मग त्या रडल्या. सर त्यांच्या शेजारी बसून राहिले, हात लावायचं धाडस न झाल्यासारखे. हबीबभाईंनी बूच लावून बाटली बाजूला केली. मी घरी आले.

पुढच्याच आठवड्यात सर चेअरमनकडे गेले. नमुन्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या म्हणून मी बरोबर होते. सरांनी सांगितलं की तळ्यातलं उरलेलं पाणी गावांना द्या, डिस्टिलरी बंद करतो. चेअरमन म्हणाले, मळी शिल्लक आहे, पंधरा दिवस चालवा, कामगारांचे पगार त्यावरच आहेत. ते खरंही होतं. सर म्हणाले, "तुम्ही दुसरा माणूस बघा साहेब. माझ्या हातानं होणार न्हाई आता." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला. कामगारांपैकी कुणी त्यांना चांगलं म्हटलं नाही. ज्यांचं घर त्या पगारावर चालायचं त्यांनी नमस्कार करणंही बंद केलं. पाणी गेलं गावांना, दहा-बारा दिवसांत संपलंही. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण कारखाना काही पहिल्यासारखा चालला नाही. सरांनी मुदतीआधीच राजीनामा दिला होता आणि बीडला भाड्याचं घर घेतलं होतं.

मी एकदा त्यांच्याकडे गेले होते. काकूंनी पोहे केले. दोघं एकमेकांशी बोलत होते, पण थोडं, एका घरात नुकतेच राहायला आलेल्या माणसांसारखं. बाटली कपाटात होती. तिच्यातली त्या दिवसानंतर कमी झालेली नव्हती. वास येतो का, असं मी विचारलं. सर म्हणाले, "येतो. सगळा येतो आता." ते सांगताना त्यांना आनंद झालेला दिसला नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. माझ्या सासऱ्यांना बीडच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं, आणि त्यांचे रिपोर्ट घ्यायला मी पुरुषांच्या वॉर्डातून जात होते. शेवटच्या खाटेवर पंचविशीचा एक पोरगा टेकून बसला होता. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट वर आलेलं. कुठल्या तरी वस्तीवरचा असावा, उशाशी घोंगडी होती. खाटेला खेटून स्टुलावर सर बसले होते. मला वाटलं नात्यातलं कुणी असेल. नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, "न्हाई हो. हे काका रोज येतात. असले पेशंट असले की त्यांच्याजवळ बसतात. घरचे कामाला गेलेले असतात ना, तोवर."

"काय करतात?"

"बोलतात. तो काय सांगेल ते ऐकतात. काल ह्या पोरानं पहिल्यांदा कुठं, कुणाबरोबर प्याली, ते सगळं सांगितलं त्यांना. आईबापाला सांगितलेलं न्हाई."

मी जवळ गेले. पोराला झोप लागत होती, आणि त्याचं डोकं कलून सरांच्या खांद्यावर टेकलं होतं. त्याचा श्वास सरळ त्यांच्या तोंडावर येत होता. सरांनी मला पाहिलं. त्यांनी मान वळवली नाही, खांदा हलवला नाही. नुसता पंजा थोडा वर केला, थांब म्हणून, आणि ओठ जेमतेम हलवत म्हणाले, "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

मी मागच्या मागे फिरले.